आपल्याच हातची गुणपत्रिका

आमचे घर तसे भरलेले आहे. रोज पानावर बसणारी माणसे अकरा. शिकावयास बाहेरगावी असलेली मुले सणासुदीला परत आली की तेरा. गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, फराळाचे डबे निम्मे रिते झालेले आणि वडीलधारी मंडळी वामकुक्षीस गेलेली, अशा वेळी माजघरात ही दोन मुले कागद पसरून बसली होती. थोरल्या जाऊबाईंचा मुलगा एम. बी. बी. एस.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. धाकट्या जाऊबाईंची मुलगी दुसऱ्या एका गावी बी. एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोघांची महाविद्यालये निराळी. परंतु दोघांनाही सुट्टीत भरून आणावयास दिलेला कागद जवळजवळ एकाच नमुन्याचा निघाला, म्हणून दोघे एकत्र बसले होते.

त्या कागदावर तीस-पस्तीस वाक्ये होती. 'इतरांबरोबर काम करताना मी त्यांचे म्हणणे पुरते ऐकून घेतो', 'माझ्या पथकातील प्रत्येकाचे काम काय, हे मला ठाऊक आहे', 'काही चुकीचे घडत आहे असे वाटल्यास माझ्याहून वरिष्ठास मी ते स्पष्टपणे सांगतो', अशा धर्तीची. प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकोन. वाक्य स्वतःस मुळीच लागू नसेल तर एक, आणि पूर्णपणे लागू असेल तर पाच.

सासूबाई तेवढ्यात उठून बाहेर आल्या. "परीक्षेचा पेपर घरी सोडवायला देतात की काय हल्ली?" असे त्यांनी विचारले.

"परीक्षा नाही आजी, आपले आपणच गुण द्यायचे आहेत," नात म्हणाली.

"मग नापास व्हायचं कुणी?" एवढे बोलून त्या देवघराकडे वळल्या.

पुतण्याचा कागद दहा मिनिटांच्या आत भरून झाला. सगळीकडे पाच, दोन ठिकाणी मात्र, बहुधा विनय दिसावा म्हणून, चार. पुतणीला अर्धा तास लागला. तिच्या कागदावर तीन आणि चार यांचीच वस्ती अधिक, आणि वरिष्ठास स्पष्टपणे सांगण्याच्या वाक्यापुढे तर तिने दोन लिहिले होते. ते कागद पाहून माझ्या मनात जे विचार आले, आणि मग जिज्ञासेने जे वाचनात आले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न सहजच असा उद्भवतो की, डॉक्टर आणि परिचारिका होऊ घातलेल्या मुलांची संघवृत्ती मोजण्याचा हा खटाटोप हवा कशाला? वैद्याने वैद्यकी शिकावी, परिचारिकेने शुश्रूषा शिकावी. मिळून वागणे हे घरचे वळण, ते महाविद्यालयात कसले शिकवावयाचे? आपल्या मागच्या पिढीला असेच वाटत असे, आणि रुग्ण घरच्या खाटेवर निजलेला, त्याच्यापाशी एकच वैद्य बसलेला, अशा काळात ते बहुतांशी खरेही होते. आजच्या रुग्णालयात एकेका रुग्णाच्या अंगाला दिवसाकाठी किती हात लागतात ते पहा. शल्यवैद्य, भूल देणारा, रक्त तपासणारा, औषधे देणारा, तीन पाळ्यांतील तीन परिचारिका, शिकाऊ डॉक्टर, वॉर्डातील मावशी. यांतील प्रत्येकाजवळ रुग्णाविषयीच्या ज्ञानाचा एकेक तुकडा असतो. ते तुकडे एकमेकांस जुळले नाहीत, तर प्रत्येकाने आपापले काम चोख करूनही रुग्ण दगावू शकतो.

ही अतिशयोक्ती नव्हे. इंग्लंडातील एलेन ब्रोमिली या ३७ वर्षांच्या बाईंची हकीगत वैद्यकीय शिक्षणात आता सर्वत्र सांगितली जाते. २९ मार्च २००५ रोजी नाकाच्या अगदी साध्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना भूल देण्यात आली. भूल दिल्यावर श्वासनलिकेचा मार्ग मोकळा राहीना, नळी आत जाईना, प्राणवायू मिळेना. खोलीत एकास तीन अनुभवी वैद्य होते, आणि तिघेही नळी घालण्याचा यत्न पुनःपुन्हा करीत राहिले. अशा प्रसंगी गळ्याला बाहेरून छेद देऊन वाट करावी, हा उपाय त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. एका परिचारिकेने त्या छेदाचे साहित्य आणून तयार असल्याचे सांगितलेही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवण्याची तजवीज केली. पण आपण उगाच घाई करीत आहो असा भाव वैद्यांच्या चेहऱ्यांवर दिसल्यामुळे तिने ती परत रद्द केली. काय करावयास हवे ते खोलीतल्या काही जणींना कळले होते, परंतु ज्यांच्या हाती निर्णय होता त्यांच्यापर्यंत ते पोहोचले नाही. एलेनबाई शुद्धीवर आल्या नाहीत. तेरा दिवसांनी त्यांचे देहावसान झाले. मागे पती आणि दोन लहान मुले.

त्यांचे पती मार्टिन ब्रोमिली हे वैमानिक. विमानविद्येत या प्रकारचा धडा आधीच फार महाग किमतीने शिकला गेला होता. १९७७ च्या मार्चमध्ये टेनेरिफ बेटावर दोन प्रचंड विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मेली, त्या वेळी उड्डाण करणाऱ्या विमानातील अभियंत्याने 'समोरचे विमान बाजूला झाले आहे ना?' अशा अर्थाची शंका काढली होती, आणि मुख्य वैमानिकाने ती उडवून लावली होती. पुढे वैमानिकांच्या शिक्षणात कनिष्ठाने बोलावे कसे व वरिष्ठाने ऐकावे कसे, याला रीतसर स्थान मिळाले. ब्रोमिली यांनी पत्नीच्या मृत्यूनंतर कोणाला तुरुंगात धाडण्यामागे न लागता, हाच विचार रुग्णालयांत रुजावा म्हणून २००७ साली एक मंडळ स्थापन केले. मला त्यांच्या या धीराचे मोठे नवल वाटते.

अमेरिकेत १९९९ साली तेथील वैद्यक संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला आणि टाळता येण्याजोग्या चुकांनी रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे मरत असावीत असा अंदाज सांगितला. या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु चुका एकेकट्या माणसाच्या मूर्खपणाने होतात त्याहून अधिक माणसामाणसांमधल्या फटींतून होतात, ही गोष्ट त्यानंतर कोणी नाकारली नाही. २००६ साली तेथील सरकारी आरोग्यखाते आणि संरक्षणखाते यांनी मिळून संघकार्याचा एक अभ्यासक्रम तयार केला. त्याचे नाव टीमस्टेप्स. त्यात कनिष्ठाला असे शिकवितात की, मनात शंका आली तर ती निदान दोनदा बोलून दाखवावी. पहिल्यांदा कोणी ऐकले नाही म्हणून गप्प बसू नये. या अभ्यासक्रमाबरोबर प्रश्नावलीही आली. तिच्यात तीस वाक्ये. पथकाची रचना, नेतृत्व, आजूबाजूच्या परिस्थितीवर लक्ष, परस्परांस आधार आणि संभाषण या पाच विषयांवर प्रत्येकी सहा. त्याआधी १९९९ मध्ये इंग्लंडातील पार्सेल व ब्लाय या दोघांनी एकोणीस वाक्यांची एक प्रश्नावली रचली होती, ती निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी एकत्र शिकावयास मनाने कितपत तयार आहेत हे पाहण्यासाठी. या सगळ्यांचे मूळ मात्र १९३२ सालातले. रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मनाचा कल मोजावयास पाच पायऱ्यांची शिडी सुचविली, आणि तेव्हापासून जगातील अर्धेअधिक कागद पाच चौकोनांचे झाले.

आपल्याकडेही हा विचार आता पाहुणा राहिलेला नाही. वैद्यकाच्या पदवीचा जो नवा अभ्यासक्रम २०१९ पासून देशभर सुरू झाला, त्यात तयार व्हावयाच्या डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत, आणि 'आरोग्यपथकाचा नेता व घटक' ही त्यांतील एक आहे. नेता आणि घटक, हे दोन्ही शब्द एकत्र घातले, ते मला फार आवडले. पण महाराष्ट्रात नाशिकचे एकच विद्यापीठ डॉक्टर व परिचारिका या दोघांनाही पदवी देत असून, दोघांचे अभ्यासक्रम, वर्ग व परीक्षा अगदी स्वतंत्र. उद्या ज्यांना एका खाटेभोवती उभे राहावयाचे, ती मुले शिकताना एका बाकावर क्वचितच बसतात.

हे झाले बाहेरचे. घरातली गोष्टही सांगितली पाहिजे. पुतण्याला वैद्यकाला प्रवेश मिळाला तेव्हा आम्ही गल्लीभर पेढे वाटले. पुतणीने नर्सिंग घेते म्हणून सांगितले, तेव्हा घरात दोन दिवस कोणी मोकळेपणाने बोलले नाही. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सेवासदन काढून स्त्रियांना शुश्रूषेच्या शिक्षणाची वाट दाखविली, त्याला शंभरांहून अधिक वर्षे झाली. तरी सुशिक्षित म्हणविणाऱ्या आमच्या घराला ती वाट कमी प्रतीची वाटली, हे लपविण्यात अर्थ नाही. पथकातील उच्चनीचभाव मुले रुग्णालयातच शिकतात असे नव्हे. पुष्कळसा आपल्या ओसरीवरूनच बरोबर नेतात.

तिने हा मार्ग का धरला, याचे कारण मला माहीत होते. ती बारावीत असताना सासूबाईंची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, आणि रात्रीच्या सोबतीला ती होती. सासूबाईंना पेनिसिलिन सोसत नाही. अंगावर गांधी उठून श्वास कोंडतो. हे दाखल होताना सांगितले होते आणि कागदांच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेलेही होते. तरी संध्याकाळी लिहिलेल्या औषधांत पेनिसिलिनच्या कुळातलेच इंजेक्शन आले. रात्रपाळीच्या सिस्टरच्या ते ध्यानात आले. तिने तेथील तरुण डॉक्टरांना सांगितले, ते म्हणाले, "वरून लिहून आलंय, देऊन टाका." त्या सिस्टरने दिले नाही. मध्यरात्र उलटल्यावर मोठ्या डॉक्टरांना तिने स्वतः दूरध्वनी केला, आणि औषध बदलले गेले. दुसऱ्या दिवशी, अवेळी झोपमोड केल्याबद्दल तिला चार माणसांदेखत बोलणी बसली. ती आमच्या मुलीने ऐकली.

अशा मुलीने 'वरिष्ठास स्पष्टपणे सांगते' या वाक्यापुढे दोन का लिहावे? मी तिला तसे विचारले. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, गेल्या महिन्यात वॉर्डात मोठे सर एका पेशंटला तपासून हात न धुता दुसऱ्याकडे गेले. मी बाटली हातात घेऊन तिथेच उभी होते. तोंडातून शब्द फुटला नाही. मग पाच कसे लिहू?"

आत्ममूल्यमापनाची सारी अडचण या दोन कागदांत भरलेली आहे. महाविद्यालयातील कोणी हे आकडे एकापुढे एक मांडून बेरीज केली, तर पुतण्या संघवृत्तीत उत्तम आणि पुतणी बेताची ठरेल. वास्तविक तिचा 'दोन' हा एका खऱ्या प्रसंगाच्या तराजूत तोलून दिलेला आहे, आणि त्याचा 'पाच' कशातही तोललेला नाही. गुण देणाऱ्याच्या हाती कोणते माप आहे, हे त्या चौकोनांत कोठेच दिसत नाही.

माणूस स्वतःला ओळखण्यात किती चुकतो, याचे पुरावे पुष्कळ आहेत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्रुगर व डनिंग या दोघांनी १९९९ साली विद्यार्थ्यांना तर्काचे, व्याकरणाचे आणि विनोद पारखण्याचे काही प्रयोग दिले आणि आपण कितपत यशस्वी झालो असू, ते त्यांनाच विचारले. शंभर माणसे खालून वर ओळीने उभी केली, तर सर्वांत खालच्या गटाची जागा सरासरीने बारावी येत होती. आणि ते स्वतःस बासष्टाव्या जागी समजत होते. वरच्या गटातील मुले उलट आपली जागा खरीहून किंचित खालीच सांगत होती. या निष्कर्षाचा काही अंश निव्वळ गणिती योगायोगाचा आहे, असा आक्षेप पुढे घेण्यात आला, आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु डॉक्टरांविषयीची पाहणी निराळी आहे. २००६ साली डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, डॉक्टरांचा स्वतःविषयीचा अंदाज आणि त्यांचे बाहेरून पाहिलेले काम यांची तुलना करणारे जुने अभ्यास गोळा केले. वीस तुलनांपैकी तेरांत दोन्हींचा मेळ फारसा नव्हता, मुळीच नव्हता किंवा चक्क उलटा होता. ज्यांचे कौशल्य सर्वांत कमी, आणि ज्यांचा आत्मविश्वास सर्वांत जास्त, त्यांचे अंदाज अनेक ठिकाणी सर्वांत चुकलेले आढळले.

संघवृत्तीच्या बाबतीत तर आणखी एक पेच आहे. आपणास शवविच्छेदन येते की नाही, हे निदान आपल्या एकट्याविषयीचे म्हणणे झाले. 'मी दुसऱ्याचे ऐकतो' हे तसे नव्हे. ऐकले गेले की नाही, हे ज्याने सांगितले त्यालाच ठाऊक. हा गुण दोन माणसांच्या मध्ये राहतो, आणि लेखणी मात्र एकाच्याच हातात दिलेली असते. २००३ साली टॉमस, सेक्स्टन व हेल्मराइख यांनी अमेरिकेतील आठ अतिदक्षता विभागांत डॉक्टर व परिचारिका या दोघांनाही विचारले की, तुमचे परस्परांशी सहकार्य कसे आहे? डॉक्टरांपैकी शेकडा ७३ जणांनी ते उच्च प्रतीचे असल्याचे सांगितले. परिचारिकांपैकी शेकडा ३३ जणींनी. विभाग तेच, खाटा त्याच, पाळ्या त्याच. हे वाचून मला हसू आले, कारण आमच्या घरात सर्व कसे गुण्यागोविंदाने चालते, हे थोरले भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्यास नेहमी कौतुकाने सांगतात. आम्हा तिघी जावांना तो प्रश्न अद्याप कोणी घातलेला नाही.

शिवाय गुणांचा उपयोग कशासाठी होणार, यावरही उत्तर फिरते. कागद नावानिशी द्यावयाचा आणि तो शिक्षक पाहणार, म्हटल्यावर दोन लिहिण्याइतके धैर्य किती मुलांपाशी असेल? त्यातून वाक्येच अशी साधुत्वाची असतात की, कोणी नाही म्हणू नये. 'सहकार्य महत्त्वाचे आहे' याला असहमती कोण दाखवील? म्हणून अशा प्रश्नावल्यांत प्रारंभीच आकडे इतके वर जाऊन बसतात की, शिकवल्यावर चढावयास जागाच उरत नाही. आणि महत्त्व पटणे निराळे, आपण तसे वागतो असे वाटणे निराळे, प्रत्यक्ष तसे वागणे त्याहून निराळे. पुष्कळ प्रश्नावल्या यांतील पहिल्या दोहोंपलीकडे जात नाहीत, आणि अहवालात मात्र तिसऱ्याचे नाव घेतले जाते.

मग हे कागद केराच्या टोपलीत टाकावे काय? त्या दुपारी पुढे जे घडले त्यावरून मला तसे वाटत नाही.

बहिणीने भावाचा कागद उचलून वाचला. 'पथकातील प्रत्येकाचे काम मला ठाऊक आहे' यापुढचा पाच पाहून ती म्हणाली, "दादा, तुमच्या वॉर्डात रात्रपाळीला एका सिस्टरकडे पेशंट किती असतात?"

त्याला सांगता येईना. "असतील वीसेक," तो म्हणाला.

"आणि पाळी बदलताना आधीची सिस्टर नंतरचीला काय काय सांगते? तू कधी उभा राहून ऐकलंयस?"

ऐकले नव्हते. तो जरा चिडला. मग काही वेळाने त्याने आपणहून तो पाच खोडला आणि तीन केला. सासूबाई झोपाळ्यावरून हे पाहत होत्या. "बघता बघता दोन मार्क गेले की रे," त्या म्हणाल्या.

या दोन गुणांच्या घसरणीचा अर्थ काय? आकड्यांनिशी पाहिले तर मुलगा मागे गेला. खरे पाहता त्या पाच मिनिटांत तो पुढे गेला. ही गंमत जॉर्ज हॉवर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७९ सालीच टिपून ठेवली आहे. दुराग्रह कमी व्हावा म्हणून घेतलेल्या एका वर्गाच्या आधी व नंतर माणसांनी स्वतःविषयी जे लिहिले, त्यावरून ती अधिकच दुराग्रही झाल्यासारखी दिसत होती. विचारता असे कळले की, आपण मुळात किती दुराग्रही आहो याची त्यांना आधी कल्पनाच नव्हती. माणूस तोच, पण मोजण्याची काठी मध्येच बदललेली. यावर उपाय म्हणून त्यांनी सुचविले की, वर्ग संपल्यावर दोन्ही प्रश्न एकदमच विचारावेत: आज तू कसा आहेस, आणि आजच्या समजुतीने पाहता पूर्वी कसा होतास? कॅनडात २०१० साली तयार झालेली वीस वाक्यांची एक प्रश्नावली नेमकी याच रीतीने भरून घेतात. त्यातही मखलाशीला वाव आहेच. ज्याने वर्गात वेळ खर्च केला त्याला आपली प्रगती झाली असे म्हणावेसे वाटणारच. तरी निदान दोन्ही आकडे एकाच काठीने मोजलेले असतात.

बाहेरून पाहण्याची साधनेही आहेत. पुतळ्याला रुग्ण करून, त्याचे हृदय बंद पडले असे भासवून चार-पाच विद्यार्थ्यांना धावपळ करावयास लावतात आणि कोपऱ्यात उभा असलेला जाणकार टिपणे घेतो: नेता कोण हे स्पष्ट होते काय, सांगितलेले दुसऱ्याने परत उच्चारून पक्के केले काय, कोणी शांत राहिले काय. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका मापनपट्टीत अकरा मुद्दे आणि शेवटी एक एकंदर गुण आहे. जे वागणे डोळ्यांना दिसते, ते मोजणे सोपे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी तपासयादी दिली, तिच्यात छेद घेण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, असे कलम आहे. नाव सांगितले किंवा नाही सांगितले. येथे पाच चौकोन लागत नाहीत. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती यादी वापरून पाहिली तेव्हा मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. त्याचे सारे श्रेय नावे सांगण्याला नाही, यादीत इतरही पुष्कळ आहे; पण ज्याचे नाव ठाऊक आहे त्याला हाक मारणे सोपे जाते, हे आपणही जाणतो.

अर्थात जाणकार निरीक्षक सर्वत्र कोठून आणावयाचे? दीडशे-दोनशे मुलांच्या वर्गात तो खर्च व वेळ परवडत नाही आणि कागद स्वस्त पडतो, म्हणून कागद आला. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. माझे म्हणणे इतकेच की, त्या कागदाची बेरीज करून मुलांना श्रेणी लावू नये, आणि त्या बेरजेवर आपला अभ्यासक्रम यशस्वी झाल्याचे अहवाल लिहू नयेत. इव्हा व रेगेर या कॅनडातील दोघा संशोधकांनी २००५ साली फार मार्मिक भेद केला आहे. आपण एकंदरीत कसे आहो, हे माणसाला नीट सांगता येत नाही. पण ऐन कामाच्या क्षणी 'येथे मी अडलो, आता थांबावे, कोणाला तरी विचारावे' ही जाग ठेवता येते, आणि रुग्णाला उपयोग तिचाच. बाटली हातात धरून उभ्या राहिलेल्या मुलीला ती जाग होती. शब्द फुटला नाही, हे खरे. परंतु फुटला नाही याची नोंद तिच्या मनात राहिली, आणि ती नोंद बाहेर काढण्याचे काम त्या कागदाने केले. माझ्या हाती असते तर प्रत्येक चौकोनाशेजारी मी एक ओळ कोरी ठेवली असती: हा आकडा कोणत्या प्रसंगावरून दिला ते लिहा. आणि मग तो कागद शिक्षकाकडे न देता दुसऱ्या शाखेच्या मुलाच्या हाती वाचावयास दिला असता.

सुट्टी संपली. निघण्याच्या आदल्या रात्री पुतण्या माझ्यापाशी स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. "काकू, वर्गात सगळे पाचच लिहिणार. माझा तीन तेवढा उठून दिसेल. परत पाच करू का?" मी लाडू बांधीत होते. त्याला काय सांगावे ते मला चटकन सुचेना. नावानिशी द्यावयाचा कागद, पुढे त्याच शिक्षकांच्या हातून जावयाचे; मुलाची भीती खोटी नव्हती. 'तुझं तू ठरव' म्हणाले, आणि लगेच वाटले की, हे बोलणे सोपे आहे. त्याने काय केले ते अजून मी विचारलेले नाही.

पंधरा दिवसांनी रात्री साडेअकराच्या सुमारास घरातील सर्वांच्या व्हॉट्सॲपच्या समूहावर बहिणीला उद्देशून त्याचा निरोप आला. सकाळी चहाच्या वेळी तो मी सासूबाईंना वाचून दाखविला. "आज रात्री वॉर्डात थांबलो. एका सिस्टरकडे अडतीस."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "अडतीस?" त्या म्हणाल्या. "मग ती जेवते कधी, ते विचार त्याला."